द्राक्षमद्याचा सागरप्रवास

देव आणि दानव ह्यांनीं समुद्र घुसळला तेव्हां जीं चौदा रत्नें वर आलीं त्यांत वारुणीही होती, ही कथा आपल्याकडील लहान मुलांनाही ठाऊक असते. मद्याची देवता समुद्रांतून निघावी आणि तिचें नांव वरुणावरून पडावें ही पुराणकारांची कल्पना. परंतु इतिहासाचीं पानें चाळूं लागलें म्हणजे तिच्यांत एक निराळाच खरेपणा दिसूं लागतो. द्राक्षांचे मळे एका देशांत आणि द्राक्षमद्याचा शौक दुसऱ्या देशांत, अशी स्थिति जगांत दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. आणि ह्या दोहोंच्या मध्यें बहुधा समुद्रच पसरलेला असे. तो ओलांडून परदेशचें मद्य घरच्या तळघरापर्यंत सुखरूप आणणें हें काम कधींच सोपें नव्हतें. पिणें बरें कीं वाईट हा निवाडा नीतिशास्त्राकडे सोपवून, माणसें ही वाट कशी चालून गेलीं एवढेंच पाहिलें, तरी त्यांतून जहाजांचीं मापें, राजांचे कर, वसाहतींतील दंगे आणि रसायनशास्त्राचे शोध अशा कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

ह्या वाटेवर मद्याला चार शत्रु भेटत: हवा, उष्मा, चोर आणि जकात. द्राक्षांचा रस आंबून जें मद्य होतें तें दगडासारखें स्थिर नसतें. पिंपांत जागा रिकामी राहून आंत हवा शिरली कीं तें आंबट पडतें व अखेर त्याचा शिरका होतो. जहाजाच्या पोटांत उकाडा झाला कीं त्याची चव उतरते. हे झाले निसर्गाचे शत्रु. माणसांपैकीं खलाशी, हमाल आणि नावाडी पिंपाला बारीक भोंक पाडून आपली तहान भागवीत आणि रिकामी झालेली जागा पाण्यानें भरून काढीत. इतक्यांच्या हातून जें उरे त्यांतला आपला वांटा उचलण्यासाठीं राजाचा अधिकारी बंदरावर उभाच असे. ह्या चौघांना चुकविण्यासाठीं माणसानें ज्या युक्त्या योजिल्या त्यांचाच हा इतिहास आहे.

प्राचीन रोमन लोकांचें साधन म्हणजे मातीची उंच, दोन कानांची आणि खालीं निमुळती होत गेलेली सुरई. तिला ते अँफोरा म्हणत. तिला आंतून राळेचा लेप देत आणि तोंडाशीं बूच बसवून तें पक्कें लिंपून टाकीत. बूड निमुळतें असल्यामुळें वरच्या थरांतील सुरई खालच्या थरांतील सुरयांच्या खांद्यांमध्यें नेमकी बसे आणि समुद्र खवळला तरी रचलेला माल सहसा ढळत नसे. दोष एवढाच कीं भांडें फार जड. कित्येक सुरयांचें वजन आंतल्या मद्याइतकेंच भरे; म्हणजे जहाजानें वाहिलेला अर्धा भार नुसत्या मातीचा! फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ इ. स. पूर्व पहिल्या शतकांत बुडालेलें एक रोमन जहाज पाणबुड्यांनीं १९७२ पासून पुढें अनेक वर्षें तपासलें. त्याच्या पोटांत इटलीहून निघालेल्या सहा हजारांहून अधिक सुरया थरावर थर रचलेल्या होत्या. जहाज बुडाल्यावर त्या काळच्या पाणबुड्यांनीं खोल बुड्या मारून त्यांतल्या कांहीं वर काढल्या असाव्यात, असें दाखविणारे दगडही तेथें सांपडले. माल इतका मोलाचा होता कीं समुद्राच्या तळाशीं गेला तरी त्याचा पिच्छा सुटला नाहीं.

हें रोमन मद्य हिंदुस्थानापर्यंत येत असे. पहिल्या शतकांत ईजिप्तमध्यें राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें जें वर्णन लिहून ठेवलें तें ‘पेरिप्लस’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी दिली आहे. तींत मद्य येतें. इटलीचें असल्यास अधिक पसंत, शिवाय लाओडिसियाचें आणि अरबस्तानचें. तेथील राजासाठीं म्हणून चांदीचीं भांडीं, गाणारे नोकर आणि उंची मद्य आणावें लागे, असेंही तो व्यापारी सांगतो. भडोचच्या पाठीमागील मुलखांत त्यानें पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, ह्या दोन पेठांचीं नांवें घेतलीं आहेत. पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथें झालेल्या उत्खननांत आणि मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावर अशा सुरयांचीं खापरें मिळालीं आहेत. आपल्या देशांत पूर्वीं रोमन समजलीं गेलेलीं बरींच खापरें पुढील संशोधनांत मेसोपोटेमियाकडील भांड्यांचीं ठरलीं. परंतु मद्य समुद्र ओलांडून आलें ही गोष्ट त्यामुळें खोटी ठरत नाहीं, उलट तें आणखी एका दिशेनेंही येत होतें एवढेंच सिद्ध होतें.

पुढें मातीच्या सुरईची जागा लांकडी पिंपानें घेतली. ही कला गॉल लोकांची. पिंप फुटत नाहीं, एकटा माणूस तें गडगडत नेऊं शकतो आणि रिकाम्या पिंपाचा भारही बेताचा असतो. परंतु लांकडाला सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून आंतलें मद्य थोडें थोडें उडून जातें आणि त्याच्या जागीं हवा शिरते. मातीच्या लिंपलेल्या सुरईंत वर्षानुवर्षें टिकणारें मद्य पिंपांत एक वर्ष सरलें कीं बिघडूं लागे. म्हणून मध्ययुगांत जुन्या मद्याला मान नव्हता, नव्याला होता. आज जुनें तें उंची अशी समजूत आहे. त्या काळीं गेल्या सालचें मद्य म्हणजे शिळा माल, आणि नवीन गलबतें आलीं कीं त्याचा भाव कोसळलाच. सारी धडपड एकाच गोष्टीसाठीं, ती म्हणजे वेग.

ही धडपड सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसते ती फ्रान्समधील बोर्दो आणि इंग्लंड ह्यांच्या दरम्यान. ११५२ सालीं अक्विटेनची राणी एलिनॉर हिनें हेन्रीशीं विवाह केला. दोन वर्षांनीं हा हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोच्या भोंवतालचा द्राक्षांचा मुलूख इंग्लंडच्या छत्राखालीं आला. तो १४५३ सालच्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. ह्या तीनशें वर्षांत दर सालीं शरद ऋतूंत द्राक्षांची तोडणी आटोपली कीं गलबतांचा तांडा गिरोंद नदीच्या मुखांतून बाहेर पडे, ब्रिटनीच्या खडकाळ टोकाला वळसा घाली आणि नाताळच्या आंत साउथॅम्प्टन, लंडन, ब्रिस्टल, हल ह्या बंदरांत नवें मद्य उतरवी. दुसरा तांडा वसंतांत येई. त्यांत गाळ बसून निवळलेलें मद्य असे. १३०८-०९ ह्या एका वर्षांत त्या प्रदेशांतून एक लाख टनांहून अधिक मद्य बाहेर गेल्याची नोंद आहे. आजच्या मापानें तें नऊ कोटि लिटरांच्या आसपास भरतें.

येथें ‘टन’ हा शब्द जरा थांबून पाहण्याजोगा आहे. टन हें मुळांत वजन नव्हे. तें मद्याच्या सर्वांत मोठ्या पिंपाचें नांव. त्यांत इंग्रजी मद्यमापानें २५२ गॅलन, म्हणजे सुमारे ९५० लिटर, मद्य मावे. गलबत केवढें, असें विचारलें तर तें किती पिंपें घेऊन जातें हें सांगत. पन्नास टनांचें गलबत म्हणजे पन्नास पिंपें वाहणारें. आज लोखंडाची आणि कोळशाची मोजदाद ज्या टनांत होते, आणि जहाजांचा आकार ज्या टनांवर सांगतात, त्या शब्दाचें मूळ ह्या बोर्दोच्या पिंपांत आहे. मुंबई बंदरांत उभ्या असलेल्या जहाजाचा टनभार वाचणाऱ्याच्या मनांत द्राक्षें येत नाहींत. परंतु शब्दानें आपली जन्मकथा जपून ठेविली आहे.

वेग पाहिजे हें खरें, पण विश्वासाचें काय? मालाचा धनी एक, जहाजाचा नाखवा दुसरा आणि पिंप उचलणारे हात तिसऱ्यांचे. ह्या तिघांचीं भांडणें तोडण्यासाठीं जे समुद्री निर्बंध झाले ते ओलेरों ह्या फ्रेंच बेटाच्या नांवानें ओळखले जातात, आणि त्यांत मद्याच्या पिंपांचा विचार पुनःपुन्हां येतो. पिंपें उचलण्यापूर्वीं नाखव्यानें आपले दोर व्यापाऱ्यांना दाखवावे, असा एक नियम होता. दोर पाहून व्यापाऱ्यांनीं ‘ठीक आहे’ म्हटलें आणि मग दोर तुटून पिंप फुटलें तर तोटा व्यापाऱ्यांचा. दोर दाखविलेच नसतील तर नाखवा आणि खलाशी ह्यांनीं नुकसान भरून द्यावें. वादळांत जहाज हलकें करण्यासाठीं माल समुद्रांत टाकावा लागला तर तो तोटा एकट्याच्या माथीं न मारता सर्वांनीं वांटून घ्यावा. खलाशांच्या जेवणाचाही नियम होता. ब्रिटनीच्या खलाशांना जातांना व येतांना मद्य मिळे म्हणून त्यांना दिवसाला एकच शिजवलेलें जेवण. नॉर्मंडीच्या खलाशांना नाखव्याकडून पाणीच मिळे म्हणून दोन. ह्या नियमांत कायद्याच्या पंडितांपेक्षां बंदरावरच्या जुन्या माणसांचें शहाणपण अधिक दिसतें. चोरी होणार हें गृहीत धरावें, आणि ती कोणाच्या अंगावर पडेल हें आधींच ठरवून ठेवावें, हें त्यांचें सूत्र होतें.

बंदरांत शिरतांच राजाचा वांटा द्यावा लागे. इंग्लंडांत वीस टनांहून अधिक मद्य आणणाऱ्या जहाजावरून राजाचा अधिकारी दोन पिंपें घेई, एक डोलकाठीच्या पुढचें आणि एक मागचें, म्हणजे चांगलें-वाईट दोन्ही राजाच्या वांट्याला यावें. त्याहून लहान जहाजावरून एक पिंप. चौदाव्या शतकाच्या आरंभीं परदेशी व्यापाऱ्यांसाठीं ह्याऐवजीं टनामागें दोन शिलिंग असा रोख कर ठरला. प्रसिद्ध इंग्रज कवि चॉसर ह्याचा बाप मद्याचा व्यापारी होता. आणि चॉसर स्वतः १३७४ सालीं लंडन बंदरांत लोकरीच्या जकातीचा अधिकारी झाला. त्याच वर्षीं राजानें त्याला दररोज एक घागर मद्य देण्याची नेमणूक करून दिली. व्यापाऱ्याचा मुलगा जकातदार व्हावा आणि त्याला पगाराबरोबर मद्यही मिळावें, ह्यावरून तें पेय त्या समाजाच्या व्यवहारांत किती खोल मुरलें होतें हें कळतें.

१४५३ नंतर बोर्दो फ्रान्सकडे गेलें, आणि पुढें इंग्लंड-फ्रान्सचीं युद्धें सुरू झालीं कीं मद्याची वाट बंद होऊं लागली. तेव्हां इंग्रजांनीं पोर्तुगालकडे तोंड वळविलें. १७०३ सालच्या मेथ्यून तहानें पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्याच्या जकातीपेक्षां निदान एकतृतीयांशानें कमी राहावी असें ठरलें. परंतु दोरो नदीच्या खोऱ्यांतील मद्य बोर्दोपेक्षां लांबून आणि उन्हाच्या मुलखांतून येई. तें वाटेंत बिघडे. त्यावर उपाय म्हणून पिंपांत ब्रँडी ओतूं लागले. अधिक कडक केलेलें मद्य आंबत नाहीं, हा अनुभव. ‘पोर्ट’ म्हणून जें मद्य जगप्रसिद्ध झालें त्याच्या घडणींत चवीइतकाच समुद्राच्या भीतीचा भाग आहे.

मदीरा बेटावर ह्याहून नवल घडलें. अटलांटिक महासागरांतील हें पोर्तुगीज बेट अमेरिकेच्या, वेस्ट इंडीजच्या आणि हिंदुस्थानच्या वाटेवर पडतें. जहाजें तेथें पाणी, भाजीपाला आणि मद्य भरून घेत. प्रसिद्ध दर्यावर्दी कुक ह्यानें १७६८ सालच्या आपल्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या आरंभीं फुंशाल बंदरांत ३,०३२ गॅलन मद्य जहाजावर चढविलें होतें. आतां ह्या जहाजांना विषुववृत्ताचा उकाडा महिनोन्महिने सोसावा लागे. अन्य मद्यें अशा उष्म्यानें नासत. मदीराचें मद्य मात्र त्यानें सुधारलें! न खपलेलीं पिंपें परत आलीं तेव्हां त्यांची चव गेल्या वेळेपेक्षां गोड आणि गंभीर झालेली आढळली. मग मुद्दाम पिंपें जहाजावर घालून विषुववृत्तापार फिरवून आणण्याची रीत पडली. पोर्तुगीज लोक ह्याला ‘फेरीचें मद्य’ म्हणत. हिंदुस्थानला जाऊन परत आलेल्या मदीराला लंडनांत विशेष मान असे. शत्रूच मित्र झाला, असें दुसरें उदाहरण व्यापाराच्या इतिहासांत विरळा. पुढें ह्या प्रवासाची नक्कल घरच्या घरीं करण्यासाठीं बेटावर मद्य तापविण्याच्या खोल्या बांधल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकांत बोर्दोच्या कांहीं मळेवाल्यांनींही ‘हिंदुस्थानहून परतलेलें’ अशी खूण घालून मद्य विकलें. कॉस देस्तुर्नेलच्या मालकानें तर आपल्या मद्यकोठारावर पौर्वात्य धर्तीचे घुमट उभारले, आणि ते आजही पाहावयास मिळतात.

चोर आणि उष्मा ह्यांच्यानंतर राहिली जकात. आणि जकातीनें एकदां राज्य हलविलें तें ह्याच मदीरामुळें. अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत हें मद्य घरोघर प्रिय होतें. १६६३ च्या कायद्यान्वयें युरोपचा माल वसाहतींत इंग्लंडमार्गेंच आणावा लागे. मदीराच्या मद्याला मात्र सूट होती, तें थेट येई. १७६४ च्या साखर कायद्यानें थेट येणाऱ्या मदीरावर टनामागें ७ पौंड जकात बसली, आणि इंग्लंडमार्गें येणाऱ्या मद्यावर केवळ १० शिलिंग. वसाहतवाल्यांना ही उघड जबरदस्ती वाटली. ९ मे १७६८ रोजीं जॉन हँकॉक ह्या धनिक व्यापाऱ्याचें ‘लिबर्टी’ नांवाचें गलबत मदीराहून बोस्टनला आलें. जकातीच्या कचेरींत २५ पिंपांची नोंद झाली. गलबताच्या आकाराच्या मानानें हा आंकडा लहान होता. महिन्याभरानें जकातीच्या एका शिपायानें साक्ष दिली कीं, त्या रात्रीं आपल्याला गलबताच्या एका खोलींत कोंडून ठेवलें होतें आणि वरती माल उतरविल्याचे आवाज आपण ऐकले.

१० जून १७६८ रोजीं अधिकाऱ्यांनीं गलबत जप्त करून तें युद्धनौकेच्या आश्रयाला नेलें. बोस्टनमध्यें दंगा उसळला, अधिकाऱ्यांना मारहाण झाली, आणि जकातीच्या मुख्य अधिकाऱ्यांना बंदरांतील किल्ल्यांत आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत इंग्रजी फौज बोस्टनमध्यें उतरली. हँकॉकवर खटला झाला. त्याची वकिली पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्सनें केली, आणि १७६९ सालीं सरकारनें तो खटला सोडून दिला. ‘लिबर्टी’ गलबत सरकारनें जकातीच्या पहाऱ्यासाठीं वापरलें, तेव्हां न्यूपोर्टच्या लोकांनीं तें जाळून टाकलें. आठ वर्षांनीं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पहिली आणि सर्वांत ठळक सही ह्याच हँकॉकची झाली. केवळ पिंपांमुळें क्रांति झाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु घरांत आणावयाच्या वस्तूवर दूरच्या सत्तेनें हात घातला कीं सामान्य गृहस्थही किती चिडतो, हें ह्या प्रसंगानें दाखविलें.

ह्याच नव्या राष्ट्रानें परदेशचें मद्य घरीं आणण्याच्या कामांत सर्वांत चिकित्सक माणूस दिला. तो टॉमस जेफर्सन. १७८४ ते १७८९ पर्यंत तो फ्रान्समध्यें होता. १७८७ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस तो पॅरिसहून निघाला. दुखावलेल्या मनगटासाठीं झऱ्याच्या पाण्याचा उपचार हें एक निमित्त होतें. पण वाटेनें त्यानें बर्गंडीपासून इटलीपर्यंत आणि तेथून बोर्दोपर्यंत मळे, माती, वेलींची लागवड, मजुरी आणि भाव ह्यांची बारकाईनें टिपणें केलीं. दक्षिण फ्रान्सच्या कालव्यांतून तो आपली गाडी नावेवर चढवून तिच्यांतच बसून गेला. मेच्या अखेरीस बोर्दोला पोंचल्यावर त्यानें तेथील चार श्रेष्ठ मळ्यांचीं नांवें लिहून ठेवलीं: मार्गो, लातूर, ओ-ब्रियों आणि लाफीत. १८५५ च्या सरकारी वर्गवारींतही हेच चार पहिल्या श्रेणींत आले.

परंतु जेफर्सनचें खरें वैशिष्ट्य चवीपेक्षां सावधगिरींत आहे. व्यापाऱ्यांच्या कोठारांत एका मळ्याचें मद्य दुसऱ्यांत मिसळलें जातें, हलक्याला भारी करून विकलें जातें, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. त्यावर त्याचा उपाय साधा होता. मळ्याच्या मालकालाच पत्र लिहावें. मद्य पिंपांत न मागतां तेथल्या तेथें बाटल्यांत भरवून, बूच बसवून, पेटींत बांधून मागवावें. त्या काळीं मद्य बहुतेक पिंपांतूनच प्रवास करी आणि विकत घेणारा तें आपल्या घरीं बाटल्यांत भरी. बाटलीचा खर्च अधिक, फुटण्याची भीति अधिक. पण बुचाखालच्या मद्यांत कोणाला हात घालतां येत नाहीं. १७९० सालीं त्यानें स्वतःसाठीं आणि अध्यक्ष वॉशिंग्टनसाठीं मद्य मागविलें तेव्हां पेट्या वेगळ्या ओळखूं याव्यात म्हणून त्यांवर दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें घालण्याची सूचना केली. नाजूक मद्य कडक उन्हाळ्यांत पाठवूं नये, ह्याकडेही त्याचें लक्ष असे.

तरी शेवटची मजल सर्वांत अवघड. व्हर्जिनियांतील त्याचें घर, माँटिसेलो, डोंगरावर होतें. समुद्र ओलांडून आलेला माल रिचमंडहून पुढें जेम्स आणि रिव्हॅना नद्यांतून सपाट होड्यांनीं वर चढवावा लागे, आणि त्या होड्यांवरच्या नावाड्यांची तहान त्याला चांगली ठाऊक होती. म्हणून पिंपांत मद्य मागवावें लागे तेव्हां तें पिंप आणखी एका मोठ्या पिंपांत घालून बंद करावें, अशी ताकीद तो देई. अध्यक्षपदाच्या आठ वर्षांत, १८०१ ते १८०९ ह्या काळांत, त्यानें मद्यावर दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली; त्याचा वार्षिक पगार पंचवीस हजार होता. अखेरीस हा माणूस कर्जांत मेला हेंही इतिहासानें नोंदलें आहे. त्याच्या भोजनगृहांतील शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लांकडांत दडवलेले लहान पाळणे आहेत. त्यांतून तळघरांतली बाटली थेट वर येई. हजारों मैलांच्या प्रवासाचे शेवटचे कांहीं हात अंतर असें सुटलें. पण तळघरांत उभे राहून त्या पाळण्यांत बाटली ठेवणारे हात गुलामांचे होते, हें विसरून चालणार नाहीं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या घरांतली ती गोष्ट आहे.

हवा मद्याला कशी नासविते ह्याचें शास्त्रीय उत्तर मिळण्यास आणखी अर्धें शतक लागलें. १८६० च्या तहानें इंग्लंडनें फ्रेंच मद्यावरील जकात उतरविली. व्यापार वाढला, आणि त्याबरोबर मद्य बिघडून पोंचतें ह्या तक्रारीही वाढल्या. १८६३ सालीं सम्राट तिसऱ्या नेपोलियननें लुई पाश्चरला ह्याचा शोध करावयास सांगितलें. मद्य बिघडतें तें सूक्ष्म जंतूंमुळें, आणि पन्नास-साठ अंशांपर्यंत थोडा वेळ तापविल्यास ते जंतु मरतात, हें त्यानें दाखविलें. १८६६ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मग फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर तापविलेलें व न तापविलेलें मद्य बरोबरीनें नेऊन परीक्षा घेण्यांत आली, तेव्हां तापविलेलें चांगलें टिकल्याचें दिसून आलें. आज ज्या रीतीनें घरोघरच्या दुधाच्या पिशवींतलें दूध निर्धोक होतें तिचा उगम ह्या प्रयोगांत आहे. दुधापूर्वीं ती रीत मद्यासाठीं निघाली.

आज मद्य शीतपेट्यांतून, ठराविक तपमान राखून, समुद्र ओलांडतें. प्रवासी आपल्या सामानांतही एखादी बाटली कपड्यांत गुंडाळून आणतो. भारताच्या २०१६ सालच्या सामान-नियमांत प्रवाशाला जकातीवांचून दोन लिटरांपर्यंत मद्य आणण्याची मुभा ठेवलेली होती. म्हणजे डोलकाठीच्या पुढचें एक आणि मागचें एक पिंप उचलणारा अधिकारी अजूनही आपल्या जागीं आहे, फक्त त्याचें माप बदललें. बाटली फुटण्याची भीति, विमानतळाच्या उन्हांत सामान तापण्याची भीति, पेटी कोणीं उघडली तर नाहीं ना ही शंका, ह्या साऱ्या जुन्याच आहेत.

ह्या कथेचा एक उपसंहार आहे. १९८५ च्या डिसेंबरांत लंडनच्या एका लिलावांत १७८७ सालच्या लाफीतची म्हणून एक जुनी बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. तिच्यावर जेफर्सनच्या नांवाचीं आद्याक्षरें कोरलेलीं होतीं. परंतु जेफर्सन आपले हिशेब काटेकोर ठेवी, आणि माँटिसेलोच्या अभ्यासकांना त्याच्या कागदपत्रांत ह्या बाटल्यांचा माग लागला नाहीं. पुढें २००६ सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें, तेव्हां अक्षरें आधुनिक हत्यारानें कोरलेलीं आहेत असें तज्ज्ञांनीं सांगितलें. ज्या माणसानें मिसळ आणि फसवणूक टाळण्यासाठीं बाटलीचा आग्रह धरला, त्याच्याच नांवाची बाटली शंकेच्या भोंवऱ्यांत सांपडावी, ही काळाची थट्टाच म्हटली पाहिजे.

हवा, उष्मा, चोर, जकात, ह्या चारांवर माणसानें एकेक उपाय काढला. वेगानें, ब्रँडीनें, बुचानें, शास्त्रानें त्यानें मद्य तारलें. परंतु मळ्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर जितके हात लागतात तितक्यांवर विश्वास ठेवावाच लागतो, आणि त्याला पर्याय अद्याप निघालेला नाहीं. दोर उचलण्यापूर्वीं तो दाखवावा आणि पाहणाऱ्यानें तो खरोखर पाहावा, हा ओलेरोंच्या नाखव्यांचा नियम आठशें वर्षांनीं केवळ मद्यालाच नव्हे, तर दुरून घरीं येणाऱ्या प्रत्येक वस्तूला लागू आहे. समुद्रमंथनांतून निघालेल्या वारुणीचा वांटा कोणाला मिळावा ह्यावर देव-दानवांतही एकमत नव्हतें. मग माणसांचें काय सांगावें?